घराशेजारी गाडीकामाची शेड: मुरमापासून अर्थिंगपर्यंत

जुनी जीप उघडायची, पद्मिनीचं इंजिन उतरवायचं किंवा दोन-तीन स्कूटर एकाच वेळी सुट्या करून ठेवायच्या, तर अंगणातल्या पत्र्याखाली ते काम फार दिवस चालत नाही. शेड बांधायचं ठरलं की बहुतेक जण आधी हत्यारांची यादी करतात. यादी उलटी करा. हत्यारं कधीही बदलता येतात, कोब्याखालचा भराव आणि जमिनीत पुरलेली केबल मात्र पुन्हा उकरावी लागते. म्हणून इथे जमिनीखालच्या आणि भिंतीतल्या गोष्टींवर जास्त भर आहे. व्हाइस कुठल्या कंपनीची घ्यावी, याची चर्चा चहाच्या टपरीवरही होते.

माप २० फूट बाय १४ फूट धरलं आहे. अँबेसेडर सुमारे ४.३ मीटर लांब आणि १.७ मीटर रुंद असते, पद्मिनी आणि मारुती ८०० त्याहून लहान. १४ फुटांत (४.२७ मीटर) गाडी थोडी एका बाजूला घेतली की एका अंगाला दोन फुटी टेबल आणि तीन-साडेतीन फूट वावर मिळतो, दुसऱ्या अंगाला दार उघडून उतरण्याइतकी जागा उरते. लांबीत मात्र पुढे-मागे जेमतेम तीन-तीन फूट राहतात आणि इंजिन काढायच्या क्रेनचे पाय तेवढ्यात मावत नाहीत. जागा असेल तर लांबी २४ फूट करा. नसेल तर इंजिन काढताना गाडीचं तोंड शटरकडे ठेवा आणि क्रेन बाहेरून आत घाला. त्यासाठी शटरबाहेरचे सहा फूटही, शटरपाशी अर्ध्या इंचाची पायरी सोडली तर, जवळपास आतल्याच पातळीत कोबा करून घ्या. मातीत आणि खडीत क्रेनची चाकं फिरत नाहीत.

ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेची परवानगी आणि शेजाऱ्याच्या हद्दीपासूनचं अंतर खोदाईच्या आधी मिटवा. त्याच फेरीत वीजबिल काढून मंजूर भार बघून ठेवा, त्याचं काम पुढे आहे.

काळी माती आणि तिच्यावरचा कोबा

देशावरच्या काळ्या मातीत कोबा फुटतो. मिक्स कमी पडलं म्हणून तो फुटतो असं नाही. पावसाळ्यात ही माती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगाळते, वरचा कोबा तिच्याबरोबर वर-खाली होतो. म्हणून कितीही घाई असली तरी निदान दोन फूट काळी माती काढून टाका. २० बाय १४ बाय २ म्हणजे ५६० घनफूट, ५.६ ब्रास खोदाई. त्या जागी १५ इंच मुरूम आणि त्यावर ९ इंच दगडी सोलिंग. दाबल्यावर १५ इंच भरायचा तर सुटा मुरूम साडेचार ब्रास लागतो आणि सोलिंगचा दगड दोन ब्रासच्या थोडा वर.

मुरूम एकदम ओतून वरून रोलर फिरवला तर दाब वरच्या सहा-सात इंचांपुरताच जातो. सहा इंचांचा थर, पाणी, प्लेट कॉम्पॅक्टर, मग पुढचा थर, असं करा. टाच मारल्यावर खळगा पडला तर थर अजून कच्चा आहे. कोकणात जांभ्यावर किंवा कातळावर बांधत असाल तर ही खोदाई वाचते. नुसती सपाटी करून चार इंच मुरूम पुरतो. तिथली डोकेदुखी अर्थिंगच्या वेळी येते.

सोलिंगच्या फटी बारीक मुरमाने भरून घेतल्या की त्यावर २५० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद, जोडाला एक फूट चढवून. हा कागद गवंड्याला निरुपयोगी वाटतो. तो नसेल तर जमिनीची ओल कोब्यातून वर येते, जॅकच्या तळाला आणि खाली ठेवलेल्या सुट्या भागांना गंज धरतो आणि पुढे कधी इपॉक्सी मारलात तर त्याला फोड येतात.

कोब्याची जाडी सहा इंच. चार इंचांवर गाडी उभी राहते, पण गाडी घोडीवर (उचललेली गाडी टेकवायच्या लोखंडी स्टँडवर) चढवली की टनभर वजन चार छोट्या पायांवर येतं. एम-२० प्रतीच्या काँक्रीटसाठी सिमेंट, वाळू, खडीचं प्रमाण १ : १.५ : ३. या मापाच्या सहा इंची कोब्याला सुमारे ३.९ घनमीटर काँक्रीट लागतं, म्हणजे ३२ गोणी सिमेंट, ०.६ ब्रास वाळू किंवा क्रश सँड आणि १.२ ब्रास खडी. वाया जाणारा माल धरून थोडं जास्तच मागवा. घमेल्याने माप घेऊ नका. प्रत्येक माणूस घमेलं वेगळं भरतो. सव्वा घनफुटाची लाकडी पेटी करून घ्या: एका गोणीला दीड पेटी वाळू, तीन पेट्या खडी आणि पाणी २५ लिटर. पाण्याची बादली मोजून ठेवा. दुपार झाली की मिक्सरवरचा माणूस माल सैल व्हावा म्हणून पाणी वाढवतो, आणि नेमका त्याच भागात पुढे कोब्याची पूड निघत राहते.

सळई ८ मिमी, दोन्ही दिशांनी आठ इंचांवर, एकूण ११० ते ११५ किलो. जाळी वरच्या पृष्ठापासून दोन इंच खाली हवी. हे काम हमखास बिघडतं. जाळी सोलिंगवर पडलेली असते, ओतताना कोणीतरी हुकाने वर ओढतो, पुढच्या पावलाला ती पुन्हा खाली बसते. तळाशी पडलेली सळई वरच्या भेगेला काही करत नाही. साडेतीन-चार इंची कव्हर ब्लॉक किंवा सळईच्या खुर्च्या तीन-तीन फुटांवर ठेवून जाळी त्यांना बांधून टाका.

दुचाकीसाठी साधा घोटाई कोबा चालतो. गाडीसाठी शक्य असेल तर ट्रिमिक्स (काँक्रीटमधलं जादा पाणी व्हॅक्यूमने ओढून काढायची पद्धत) करून घ्या आणि घोटताना वर फ्लोअर हार्डनर टाका. ओतल्यावर दुसऱ्या दिवशी कटरने दीड-दोन इंच खोल खाच मारा, २० फुटी लांबीच्या मधोमध एक पुरते. भेग पडायचीच असेल तर ती त्या सरळ रेषेत पडते. पाणी चौदा दिवस, गोणपाट किंवा वाफे करून.

उताराबद्दल. पाणी निघावं म्हणून सगळ्या कोब्याला शटरकडे उतार देतात आणि मग जॅकवरची गाडी हळूच सरकते. गाडी उभी राहणारा भाग लेव्हल ट्यूब लावून सपाट करा. उतार फक्त शटरजवळच्या तीन फुटांत, एकूण पाऊण इंच. शटर जिथे टेकतं त्याच्या बाहेरच्या कडेला अर्धा इंच खाली पायरी द्या, म्हणजे वाऱ्याने आलेलं पाणी शटरखालून आत सरकत नाही.

तपासणीचा खड्डा करू नका. जुन्या गॅरेजमधला खड्डा सोयीचा दिसतो, पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि ती सगळ्यात खोल जागी जाऊन बसते. खड्ड्यातल्या बल्बचा वायर तुटणं किंवा स्टार्टरची एक ठिणगी पुरते. घोडी, लोखंडी रॅम्प आणि जमिनीवर लोळायची पाटी यांत घरचं जवळजवळ सगळं काम होतं.

कोबा ओतण्याआधी पुरायचे पाइप

तीन पाइप सोलिंगच्या वेळीच टाकून घ्या. पहिला घराकडून येणाऱ्या केबलसाठी, ५० मिमीच्या खालचा नको, वळणं मोठ्या गोलाईची. दुसरा तेवढाच, रिकामा, आत नायलॉनची दोरी घालून दोन्ही तोंडं बंद केलेला. आज त्याचा उपयोग सुचत नाही, तीन वर्षांनी थ्री फेज किंवा कॅमेऱ्याची वायर न्यायची वेळ येते. तिसरा, कॉम्प्रेसर बाहेरच्या पडवीत ठेवणार असाल तर हवेच्या लाइनसाठी.

कॉम्प्रेसर बाहेर ठेवाच. आत ठेवला तर पत्र्याच्या शेडमध्ये तो घुमतो आणि ग्राइंडिंगची धूळ ओढत राहतो. उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या भिंतीला जाळीची छोटी पडवी, खाली रबरी पॅड, वर पत्रा.

सांगाडा आणि पत्रा

शटरचं तोंड पश्चिमेला किंवा नैर्ऋत्येला नको, पावसाळी वारा तिकडूनच येतो. खांबांसाठी दोन बाय दोन बाय अडीच फूट खोल ब्लॉक, त्यात १६ मिमीचे चार फाउंडेशन बोल्ट आणि बेसप्लेट. हलक्या शेडचा पाया वजन पेलण्यापेक्षा शेड उडू नये म्हणून लागतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड किनाऱ्यावर पत्रे कसे उडाले ते तिथल्या लोकांनी पाहिलं आहे. पत्रा किती जाड होता याइतकंच तो पर्लिनला (पत्र्याखालच्या आडव्या लोखंडी पट्ट्यांना) कसा धरलेला होता हेही तिथे महत्त्वाचं होतं. ०.५ मिमीचा रंगीत पत्रा, पर्लिन चार फुटांच्या आत, कडेच्या ओळींना प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू, खाली रबरी वॉशर.

उंची कमी बाजूला ११ फूट, उतार पाच फुटांना एक फूट. पत्र्याखाली इन्सुलेशनचा थर लावा. उन्हाळ्यासाठी तो हवाच, पण डिसेंबरच्या पहाटे थंड पत्र्याला आतून दव धरतं आणि उघड्या सिलिंडर ब्लॉकवर टपटपतं, तेही त्याने थांबतं. समोरासमोरच्या भिंतींत जमिनीलगत नऊ इंची जाळ्या ठेवा, पेट्रोलची वाफ खालून बाहेर पडायला. वरचा एक्झॉस्ट पंखा वेल्डिंगच्या धुरासाठी, तो या जाळ्यांचं काम करत नाही. शटर लावून इंजिन चालू करायचं नाही, पाच मिनिटंसुद्धा.

किती वीज लागेल

शेडमध्ये साधारण असं असतं. दोन अश्वशक्तीचा सिंगल फेज कॉम्प्रेसर चालताना १० अँपिअरच्या आसपास घेतो, सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहापट, म्हणजे ५० ते ६०. इन्व्हर्टर वेल्डिंग मशीनवर ‘२०० अँपिअर’ लिहिलेलं असतं ते बाहेर रॉडला मिळणारं. १२ नंबरचा रॉड ८० अँपिअरवर चालवताना मशीन घराच्या लाइनमधून १४ च्या आसपास ओढतं, १० नंबरचा रॉड ११० वर चालवताना २० च्या आसपास. चार इंची ग्राइंडर चार, चार्जर, दिवे, पंखे मिळून तीन-चार. तुम्ही वेल्डिंग करत असताना टाकीतला दाब उतरून कॉम्प्रेसर आपोआप सुरू होतो, हा प्रसंग रोजचा आहे. म्हणून हिशेब ३३-३४ अँपिअरचा धरा आणि शेडची लाइन ४० अँपिअरची ठेवा.

घरातला फ्रिज, गिझर, मोटर वेगळे. मंजूर भार दोन-तीन किलोवॉट असेल तर तो आधी वाढवून घ्या. घर आणि शेड मिळून आठ-नऊ किलोवॉटच्या घरात जात असेल तर थ्री फेज मागा. मग वेल्डिंग एका फेजवर, कॉम्प्रेसर दुसऱ्यावर आणि दिवे तिसऱ्यावर टाकता येतात आणि रॉड टेकवला की घरातला टीव्ही लुकलुकत नाही. शेतीपंपाच्या मीटरवरून शेड चालवण्याचा मोह गावाकडे फार होतो. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर ठरतो. पैसे घेऊन दुसऱ्याच्या गाड्या दुरुस्त करणार असाल तर घरगुती मीटरलाही हेच लागू.

घरापासून शेडपर्यंत केबल

वायर किती तापेल हे लोक बघतात, तिच्यात किती व्होल्ट हरवतील हे बघत नाहीत. अंतर २० मीटर धरा. तारेच्या जाण्या-येण्याचे ४० मीटर. २.५ चौरस मिमी तांब्यात कॉम्प्रेसर सुरू होतानाच्या ६० अँपिअरला सुमारे १८ व्होल्ट जातात, ४ मध्ये ११, ६ मध्ये सात-साडेसात, १० मध्ये साडेचार. संध्याकाळी मुळात २०० व्होल्ट येत असतील तिथे हे १८ जीवघेणे ठरतात. मोटरचा सुरू होण्याचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. २३० ऐवजी १८० मिळाले तर जोर ६१ टक्केच उरतो, मोटर ‘हूं’ करून जागच्या जागी थांबते आणि स्टार्ट वाइंडिंग जळतं. मोटर पुन्हा भरून आणण्याच्या खर्चात जाड केबल आली असती.

म्हणून सिंगल फेजला १० चौरस मिमी, तीन कोअर, तांब्याची आर्मर्ड (वरून पोलादी कवच असलेली) केबल. घराच्या टोकाला ४० अँपिअर डबल पोल सी-कर्व्ह एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच, सी-कर्व्ह म्हणजे सुरुवातीचा क्षणिक झटका सोसणारा) आणि १०० मिलिअँपिअरची एस टाइप आरसीसीबी (करंट अर्थकडे गळला की लाइन तोडणारी). एस टाइप थोडा वेळ लावून पडते, त्यामुळे शेडमधला दोष शेडमधल्याच आरसीसीबीवर तुटतो, घर अंधारात जात नाही. चर अडीच फूट खोल, खाली-वर तीन-तीन इंच वाळू, वर विटा, त्यावर धोक्याची पट्टी. दोन्ही टोकांना ग्लँड (केबल बॉक्सला घट्ट धरणारी धातूची जोडणी) लावून आर्मर अर्थला जोडा. केबल गावच्या रस्त्याखालून किंवा झाडाच्या मुळांतून नेऊ नका, आणि चर बुजवण्याआधी भिंतीपासूनचं अंतर दिसेल असा फोटो काढून ठेवा.

अर्थिंग केलंय, मग आरसीसीबी कशाला?

हा प्रश्न हमखास येतो. त्याचं उत्तर भागाकाराचं आहे. महावितरणच्या सिंगल फेज जोडणीत बहुतेक ठिकाणी फेज आणि न्यूट्रल दोनच येतात, अर्थ तुमच्या अंगणातल्या खड्ड्याचं. खड्डा चांगला झाला आणि त्याचा रोध ५ ओहम मिळाला असं धरा. वेल्डिंग मशीनच्या बॉडीला फेज टेकला तर जमिनीतून जास्तीत जास्त २३० भागिले ५ म्हणजे ४६ अँपिअर जातील. ट्रान्सफॉर्मरकडच्या अर्थिंगचा रोध धरला तर त्याहून कमी. ‘सी १६’ (सी-कर्व्ह, १६ अँपिअर) एमसीबीला झटकन पडायची खात्री हवी तर १६० अँपिअर लागतात. ४६ वर तो गरम होऊन बऱ्याच सेकंदांनी पडेल. ‘सी ३२’ तर तासाभरातही पडेलच असं नाही. तोवर मशीनची बॉडी, तिला टेकलेली गाडी आणि गाडीला टेकलेला माणूस, सगळे जवळजवळ पूर्ण व्होल्टेजवर.

३० मिलिअँपिअरची आरसीसीबी तेवढ्याच दोषात डोळ्याची पापणी लवते तेवढ्या वेळात पडते. कातळावर खड्ड्याचे ५० ओहम आले तरी पडते, कारण तिला साडेचार अँपिअरसुद्धा भरपूर आहेत. पण अर्थ अजिबात नसेल तर ती माणसाच्या अंगातून करंट गेल्यावरच पडेल. म्हणून दोन्ही हवं.

खड्डा भिंतीपासून दीड मीटर दूर, ४० मिमीचा जीआय पाइप अडीच मीटर, भोवती मीठ-कोळसा किंवा बेंटोनाइट. दोन खड्डे करत असाल तर त्यांत पाच मीटर अंतर ठेवा आणि दोन्ही एकत्र जोडा. जवळजवळ खोदले तर दुसऱ्याचा उपयोग अर्ध्यावर येतो. मीठ पावसात वाहून जातं, पाइपही खातं, म्हणून झाकण उघडता येईल असं चौकोनी तोंड बांधा आणि उन्हाळ्यात महिन्याला दोन बादल्या पाणी घाला. नळाच्या लोखंडी पाइपला अर्थ बांधू नका. मधला एखादा तुकडा कधी पीव्हीसीचा झाला हे कळतही नाही.

बोर्डात काय

१२ वेचा (बारा एमसीबींच्या जागेचा) लोखंडी, दुहेरी दाराचा डीबी (डिस्ट्रिब्युशन बोर्ड), शटरच्या आतल्या बाजूला, दारातून हात पोचेल असा. आग लागली तर तिच्या पलीकडे जाऊन मेन पाडायची वेळ येऊ नये. आतली मांडणी अशी:

मेन: ४० अँपिअर डबल पोल आयसोलेटर (हाताने पाडायचा मुख्य स्विच).
दिवे आणि पंखे: १० अँपिअर आरसीबीओ (एमसीबी आणि आरसीसीबी एकातच), ३० मिलिअँपिअर, वायर १.५ चौरस मिमी.
टेबल आणि भिंतीचे पॉइंट: ४० अँपिअर, ३० मिलिअँपिअर आरसीसीबी, तिच्याखाली तीन ‘सी १६’, वायर २.५.
कॉम्प्रेसर: ‘सी २०’ आरसीबीओ, वायर ४.
वेल्डिंग: टाइप ए आरसीसीबी (इलेक्ट्रॉनिक मशीनचा गळता करंटही ओळखणारी), तिच्याखाली ‘सी २५’, वायर ४, टोकाला निळा ३२ अँपिअर इंडस्ट्रियल सॉकेट.

दिवे वेगळे ठेवण्याचं कारण ग्राइंडर चालवताना समजतं. पॉइंटची आरसीसीबी पडली तर ग्राइंडरची वीज जाते, पण चाक आणखी काही सेकंद फिरत असतं. त्याच वेळी अंधार झाला तर हातात फिरतं चाक आणि समोर काहीच दिसत नाही, अशी अवस्था होते.

कॉम्प्रेसरला बी-कर्व्ह लावला तर तो सुरू होतानाच पडतो. ‘बी १६’ ४८ ते ८० अँपिअरच्या दरम्यान झटका देतो आणि सुरुवातीचा करंट नेमका त्यातच. मग कोणीतरी ‘बी ३२’ बसवतो, तो पडत नाही, पण आता वायर सुरक्षित नाही. कर्व्ह बदला, आकडा वाढवू नका. आणि सी-कर्व्हवरही पडत असेल तर आधी कान द्या. टाकी भरून कॉम्प्रेसर थांबला की प्रेशर स्विचच्या तळातून दोन सेकंद ‘फुस्स’ असा आवाज यायला हवा. पिस्टनवर अडकलेली हवा तिथून सुटते. आवाज आला नाही तर अनलोडर (ही हवा सोडणारा छोटा व्हॉल्व्ह) अडकलाय, ‘फुस्स’ थांबतच नसेल तर टाकीचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (हवा टाकीतून परत येऊ न देणारा) गळतोय. मोटर पुढच्या वेळी भरलेल्या दाबाविरुद्ध उठायला बघते आणि बिचाऱ्या एमसीबीला शिव्या बसतात.

इन्व्हर्टर वेल्डिंग मशीनच्या आत फिल्टर असतात, ते थोडा करंट कायम अर्थला सोडतात. म्हणून त्याला स्वतःची टाइप ए आरसीसीबी, नाहीतर ग्राइंडर, चार्जर आणि वेल्डिंग मिळून विनाकारण ट्रिपिंग सुरू होतं आणि कंटाळून कोणीतरी आरसीसीबीच बायपास करतो.

वायरमनची नेहमीची चूक न्यूट्रलची. प्रत्येक आरसीसीबीचा न्यूट्रल वेगळा हवा, त्याची पट्टीही वेगळी. दिव्याचा न्यूट्रल जवळ पडला म्हणून पॉइंटला दिला की दोन्ही आरसीसीबी भार येताच पडतात आणि ‘मालच खराब आहे’ असा निकाल लागतो. माल चांगला असतो. प्रत्येक न्यूट्रलवर सर्किटचा नंबर लिहून घ्या. फेज लाल, पिवळा, निळा, न्यूट्रल काळा, अर्थ हिरवा. हिरवी वायर संपली म्हणून काळी वापरू देऊ नका.

मीटरची आणि डीबीची जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करा, त्याचा टेस्ट रिपोर्टही घ्या. चर खणणं, पाइप ठोकणं, बॉक्स बसवणं, वायर ओढणं तुम्ही करू शकता, मजुरीचा मोठा भाग तिथेच वाचतो.

पाइप, पॉइंट, दिवे

वायरिंग भिंतीवरून, २५ मिमीच्या जाड पीव्हीसी पाइपमधून. ग्राइंडिंगच्या कोपऱ्यात पाइप लोखंडी, ठिणग्या पीव्हीसीला भोकं पाडतात. पॉइंट कोब्यापासून चार फुटांवर, म्हणजे टेबलाच्या वर आणि पेट्रोलच्या वाफेच्याही बरेच वर. दीड फुटाच्या खाली एकही स्विच किंवा सॉकेट नको. टेबलाच्या भिंतीला दर चार फुटांवर जोडी, समोरच्या भिंतीला दोन, शटरजवळ एक. सगळे १६ अँपिअरचे. कुठलीही पिन घेणारं ‘युनिव्हर्सल’ सॉकेट टाळा. सगळ्या पिना बसतात म्हणजे कुठलीच घट्ट बसत नाही, आणि ग्राइंडरसारख्या भाराला सैल पिन सॉकेट काळं करते.

दिवे गाडीच्या टपावर लावण्याची हौस सगळ्यांना असते. मग बॉनेट उघडलं की त्याची सावली इंजिनवर. चार फुटी २० वॉटच्या एलईडी ट्यूब गाडी आणि भिंत यांच्या मधल्या पट्ट्यावर लावा, दोन्ही बाजूंना चार-चार, शिवाय टेबलावर दोन. भिंती पांढऱ्या असतील तर दहा ट्यूबमध्ये सगळीकडे ३०० लक्सच्या आसपास मिळतो, बारीक कामाला हातातला दिवा. स्वस्त ट्यूब घेण्याआधी तिच्याकडे मोबाइलच्या स्लो मोशनमधून बघा. पडद्यावर पट्टे धावताना दिसले तर ती सेकंदाला शंभरदा लुकलुकते. अशा उजेडात फिरतं ड्रिल चक थांबल्यासारखं दिसू शकतं, आणि माणूस हात घालतो.

हवेच्या लाइनला पीव्हीसी पाइप लावू नका. दाबाखाली तो फुटतो तेव्हा त्याच्या धारदार चिपा उडतात. अर्धा इंची जीआय, कॉम्प्रेसरपासून पुढे हलका उतार, प्रत्येक पॉइंटची फांदी टीच्या वरच्या तोंडातून काढून खाली वळवलेली, शेवटी ड्रेन कॉक. पहिल्या वीस फुटांत लोखंडात हवा थंड होते आणि पाणी तिथेच गळतं. कोकणात जुलैमध्ये टाकीतून रोज पाणी निघतं. स्प्रे मारणार असाल तर ते काढल्याशिवाय गन हातात घेऊ नका.

पहिल्यांदा करंट सोडताना

सगळे भार काढून, एमसीबी चालू ठेवून, आयसोलेटर बंद असताना ५०० व्होल्टच्या मेगरने (वायरचं इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ तपासा. आरसीबीओत इलेक्ट्रॉनिक भाग असतो, म्हणून त्यांच्या सर्किटच्या वायरी डीबीतून सोडवून वेगळ्या मोजा. एलईडी ट्यूबही काढलेल्या असाव्यात. एक मेगओहमच्या खाली काही आलं तर तिथेच थांबा, बहुतेक वेळा एखादा स्क्रू वायरच्या अंगातून गेलेला असतो. अर्थचं माप अर्थ टेस्टरने घेऊन आकडा आणि तारीख डीबीच्या दाराच्या आत लिहा. मग मेन, मग एकेक आरसीसीबी, प्रत्येकीचं ‘टी’ बटण दाबून. जी पडत नाही ती परत करा. हे बटण महिन्यातून एकदा दाबायचं. दाबलं नाही तर आतली यंत्रणा चिकटते, दमट भागात लवकर.

त्यानंतर मशीन एकेक करून. कॉम्प्रेसर सुरू होताना सॉकेटवर मीटर लावून बघा: २३० वरून २१५ च्या खाली जात असेल तर केबलमध्ये, ग्लँडमध्ये किंवा मीटरजवळ सैल जोड आहे. वेल्डिंगची अर्थ क्लँप गाडीला लावताना वेल्डच्या जितकी जवळ तितकी बरी. चेसिसच्या दुसऱ्या टोकाला लावली तर करंट बेअरिंगमधून वाट काढतो. बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा आणि पेट्रोलची टाकी शेडबाहेर न्या.

शटरजवळ ६ किलोचा एबीसी पावडरचा सिलिंडर, डीबीजवळ कार्बन डायऑक्साइडचा. वायर स्क्रूखाली घालताना सुट्या तारा पिळून घालू नका, लग किंवा फेरूल (तारेच्या टोकाला दाबायची धातूची टोपी) दाबून घाला. एक महिना वापरल्यावर मेन बंद करून डीबीतला प्रत्येक स्क्रू पुन्हा आवळा. तांबं पहिल्या काही तापण्यात थोडं बसतं आणि दोन-तीन स्क्रू तरी पाव फेरा घेतात.